गजबजलेल्या घरातील शाळा

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ते काम संस्थेतील ज्येष्ठांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने केले आहे. मला आज बोलायचे आहे ते घरी चालणाऱ्या शिक्षणाविषयी. शाळा चालविणाऱ्या बाईने घरच्या शिक्षणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बडोद्यात, म्हणजे महाराष्ट्राबाहेर, मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे टिकते ती केवळ वर्गांच्या बळावर टिकत नाही. तिच्यामागे शेकडो घरे उभी असतात. त्या घरांत काय चालले आहे हे शाळेने जाणून घेतले नाही, तर पुढच्या वाटचालीचा विचारच करता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या कार्यालयात दोन प्रकारची कुटुंबे येतात. पहिल्या प्रकारची संख्येने थोडी. कोणाच्या मुलाला दीर्घ आजारामुळे शाळेत येणे शक्य नसते, कोणाची वर्षा-दीड वर्षाने बदली होते, तर कोणाला आपल्या मुलाने स्वतःच्या गतीने शिकावे असे मनापासून वाटते. ही कुटुंबे मुलाला पूर्णपणे घरीच शिकविण्याचा विचार करीत असतात. दुसऱ्या प्रकारची कुटुंबे संख्येने पुष्कळ आहेत आणि त्यांत आपल्याच माजी विद्यार्थ्यांचा भरणा आहे. त्यांची मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाच्या शाळेत जातात. मराठी वाचन-लेखन मात्र घरी शिकवावे, अशी त्यांची इच्छा असते. कोणी बेंगळुरूला आहे, कोणी गुरुग्रामला, कोणी येथेच मकरपुऱ्यात. परिस्थिती निरनिराळी, परंतु प्रश्न दोघांचाही एकच: "बाई, शिकवायला वेळ कुठून आणायचा?"

या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवते.

त्याआधी कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण त्याविषयी बराच गोंधळ आढळतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क त्याने दिला. या कायद्याचे दहावे कलम मुलाला परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानते; मात्र ते न करणाऱ्या पालकाला त्यात दंड सांगितलेला नाही. घरी शिकविण्याची सर्वांसाठी अशी स्वतंत्र तरतूदही त्यात नाही. 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत दिला. चौथे कलमही पालकांनी लक्षात ठेवावे. शाळेबाहेर राहिलेले मूल परत आले, तर त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही असतो. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. 1989 साली तिची स्थापना झाली. तिच्यातर्फे 14 वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या आणि 15 वर्षे पूर्ण झालेल्याला बारावीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. त्याखाली तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे टप्पेही आहेत. सारांश, घरी शिकवू पाहणाऱ्यांसाठी राजमार्ग आखलेला नाही, परंतु वाट आहे आणि परतीचे दारही उघडे आहे.

आता वेळेच्या प्रश्नाकडे वळते. याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेने वर्षभरात किती शिकवावे याचे मान दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस आणि 800 तास. सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. भागाकार केला तर लहान मुलांच्या वाट्याला दिवसाला चार तास येतात. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असेही हीच अनुसूची सांगते. म्हणजे त्या चार तासांत हजेरी येते, वह्या वाटणे येते, मागच्या बाकावरील गडबड शांत करणे येते आणि तीस जणांचे लिहून होईपर्यंत थांबणेही येते. समोर एकच मूल असेल तर यातील पुष्कळसा वेळ वाचतो. माझ्या अनुभवाने सांगते, प्राथमिक वयाच्या मुलाला घरी बसून शिकविण्यासाठी दिवसाला दीड ते दोन तास पुरतात, तेही दोन-तीन तुकड्यांत. केवळ मराठीच शिकवायचे असेल तर रोजची वीस मिनिटे पुरेशी आहेत. रोजची म्हणजे मात्र खरोखर रोजची. रविवारी एकदम दोन तास बसविलेले मूल सोमवारी मराठीच्या पुस्तकाकडे पाठ फिरविते, हे पुष्कळ पालकांनी पाहिले असेल.

वेळ पुरत नाही याचे खरे कारण बहुधा हे असते की आपण घरात शाळा भरवू पाहतो. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे घरोघर दिसले. जेवणाच्या टेबलावर वेळापत्रक चिकटविले गेले, पस्तीस मिनिटांचे तास आखले गेले, कोणी तर घंटाही वाजवू लागले. आठ-दहा दिवसांत आई थकली, मूल रडकुंडीला आले आणि कुकरच्या शिट्ट्यांनी वेळापत्रकाचा निकाल लावला. घराला घराचीच लय असते. दूधवाला येण्याची, डबे भरण्याची, आजोबांच्या औषधाची, पाणी येण्याची वेळ ठरलेली असते. तिच्यावर शाळेची लय लादली की दोन्ही बिघडतात.

रवींद्रनाथ ठाकुरांचे बालपण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जोडासाँकोच्या त्या मोठ्या वाड्यात मुलांच्या अभ्यासाची व्यवस्था त्यांचे वडीलबंधू हेमेंद्रनाथ पाहत. पहाटे कुस्ती, त्यानंतर घरी शिकवणीचे मास्तर, मग शाळा, शाळेतून परतल्यावर चित्रकला आणि व्यायाम, आणि दिवा लागल्यावर इंग्रजी, असा तो भरगच्च दिवस होता. संध्याकाळच्या इंग्रजीला पुस्तक उघडताच डोळे मिटू लागत, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. मात्र हेमेंद्रनाथांचे ऋण त्यांनी आवर्जून मान्य केले, ते एका गोष्टीसाठी. सभोवताली इंग्रजीचा बोलबाला असताना त्यांनी मुलांचे आधीचे शिक्षण बंगालीतून करविले. त्या घरच्या शिक्षणातील तासांची गर्दी मुलाला कंटाळवाणी झाली आणि मातृभाषेचा पाया मात्र जन्मभर पुरला. घरी काय द्यावे आणि काय देऊ नये, हे या एका उदाहरणात पुरेसे स्पष्ट होते.

घराच्या लयीतच शिक्षण बसविण्याची कला आपल्या मराठी घरांना पूर्वी अवगत होती. दिवेलागणीला म्हटला जाणारा परवचा येथील ज्येष्ठांना आठवत असेल. शुभंकरोती झाली की पाढे आणि पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे हे पाढे. म्हणवून घेणारी आजी त्या वेळी भाजी निवडत असे किंवा वाती वळत असे. तिला फक्त कान द्यावे लागत. चूक झाली की हातातील काम न थांबवता ती "पुन्हा म्हण" एवढेच सांगे. कामात गढलेल्या घरात शिक्षण कसे चालते, याचा हा उत्तम नमुना आहे. त्याला वेगळी खोली लागत नाही, वेगळा माणूस लागत नाही, आणि घड्याळ पाहावे लागत नाही, कारण दिवेलागण रोज होतेच. पाढ्यांचा तो संच आजही उपयोगी आहे. अठ्ठेचाळीस रुपये किलोची वस्तू सव्वा किलो घेतली तर साठ रुपये होतात, हे सवायकी येणारे मूल वाण्याच्या आधी सांगते.

म्हणून पालकांना माझी पहिली सूचना अशी की अभ्यासाची वेळ घड्याळावर बांधू नका, घरातील एखाद्या नित्याच्या कामाला बांधा. सकाळच्या दुधानंतर वाचन, दुपारच्या चहानंतर लेखन, दिवेलागणीला पाढे. पाळीची नोकरी करणाऱ्यांना तर याचा फार उपयोग होतो, कारण त्यांचे घड्याळ दर आठवड्याला बदलते, चहा मात्र बदलत नाही.

दुसरी सूचना घरातील कामांविषयी. मूल शिकत असताना घरकाम अडथळा वाटते. ते अभ्यासात सामावून घ्यावे. दही लावण्याचे साधे काम घ्या. एका वाटीत कोमट दूध आणि विरजण, दुसरीत कढत दूध आणि विरजण, तिसरीत विरजण घातलेले थंड दूध फ्रिजमध्ये, आणि चौथीत विरजणाशिवाय कोमट दूध. सकाळी चारही वाट्या मुलाने पाहाव्यात आणि काय दिसले ते पाच ओळींत लिहावे. कढत दुधाने विरजणातील जिवाणू मरतात, थंडीत त्यांची वाढ मंदावते, हे त्याला सांगावे लागणार नाही. तेच तुम्हाला विचारील. बडोद्याच्या मे महिन्यात आणि उत्तरायणाच्या थंडीत हाच प्रयोग करून दह्याला लागणाऱ्या वेळेची तुलना करता येते. विजेचे बिल हा दुसरा धडा. हजार वॉटची इस्त्री एक तास चालली की एक युनिट होते, आणि दहा वॉटचा दिवा शंभर तास जळला की तेवढेच. मुलाने घरातील उपकरणांची यादी करून महिन्याचा अंदाज बांधावा आणि बिलाशी ताडून पाहावा. किराणा सामानाची यादी मराठीत लिहिण्याचे काम घरातील सर्वांत लहान लेखकाकडे द्यावे. त्या यादीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तरी डाळ येतेच, आणि लिहिण्याचा उपयोग मुलाला रोज दिसतो.

बाहेर राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी मराठीविषयी येथे दोन शब्द. गुजराती शाळेत जाणाऱ्या मुलाला देवनागरी परकी नसते. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही आणि क, ख, ज, फ, ब यांसारखी काही अक्षरे वेगळी आहेत. उरलेल्या बऱ्याच अक्षरांची घडण ओळखीची असते. शिवाय ळ हा उच्चार त्याच्या कानात आधीच असतो. दिल्लीकडे वाढणाऱ्या मुलाला हिंदीमुळे लिपी येते, पण ळ नव्याने ऐकावा लागतो. आणि काही गोष्टी तर पुस्तकात सापडतच नाहीत. चाक आणि चहा, जागा आणि जेवण: लिहिताना अक्षर एकच, उच्चार निराळे. कोणता कोठे करायचा हे मूल घरात ऐकूनच शिकते. लिपी शाळा शिकवील, परंतु भाषेचा हा नाद घराकडूनच मिळतो. तेव्हा आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना लावलेला दूरध्वनी हाही मराठीचा तासच समजावा, आणि तो मुलाला पूर्ण बोलू द्यावा. मधेच फोन हातातून काढून घेऊ नये.

तिसरी सूचना दोन-तीन मुले असलेल्या घरांसाठी. मोठ्याला शिकवायला बसले की धाकटा मांडीवर येतो, ही तक्रार मी नेहमी ऐकते. खेड्यांतील एकशिक्षकी शाळांनी या अडचणीवर फार पूर्वी तोड काढली आहे. तेथे एकच शिक्षक एका वर्गाला तोंडी शिकवितो, त्याच वेळी दुसऱ्याला लेखन देतो आणि तिसऱ्याकडून उजळणी करून घेतो. थोड्या वेळाने फेरपालट होते. शिवाय मोठी मुले लहानांना वाचून दाखवितात. त्यात मोठ्यांचे नुकसान होत नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःच्या समजुतीतील पोकळ जागा लक्षात येते. घरातही हेच करता येईल. धाकट्याला शेंगा सोलून दहा-दहाचे ढीग करायला द्यावेत आणि तेवढ्यात थोरल्याचे गणित तपासावे.

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत अधिक महत्त्व देते, त्याकडे येते. घरी शिकविण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते?

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला आजारपणामुळे वर्षभर घरी राहावे लागले. तिची नोकरी पाळीची, यजमान कारखान्यात, घरात सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. तिने सारे नीट आखले होते. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारची झोप झाल्यावर चहानंतर मराठी आणि परिसर अभ्यास. मोतीबिंदूमुळे सासूबाईंना वर्तमानपत्र वाचता येत नसे, म्हणून मुलाने त्यांना रोज ठळक बातम्या वाचून दाखवायच्या. यजमानांनी गणित घ्यायचे. तीन महिने हे चालले आणि मग ती आजारी पडण्याच्या बेतास आली. तिने मला सांगितले, "बाई, शिकविण्याने मी दमत नाही. उद्या काय शिकवायचे, कोणती वही संपली, कोणाचे काय राहिले, हे सगळे माझ्याच डोक्यात असते. इंजेक्शनची तयारी करतानाही तेच चालू असते."

त्या घराने यावर काढलेला उपाय साधा होता. डोक्यातील सारे एका वहीत उतरविले आणि ती वही यजमानांच्या हाती दिली. रविवारी रात्री वीस मिनिटे बसून पुढच्या आठवड्याचे टिपण करायचे, संपलेल्या वह्या आणायच्या, कोणी काय शिकविले त्याची नोंद ठेवायची, हे सर्व त्यांच्याकडे आले. आणखी एक नियम झाला: जो त्या वेळी शिकवीत नसेल त्याने भांडी आणि ओटा पाहायचा. त्यामुळे आईच्या शिकविण्याच्या वेळात वाढ झाली नाही, परंतु तिच्या मनावरील भार उतरला. वर्ष संपल्यावर तो मुलगा आपल्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात परत बसला.

या ठिकाणी कायद्याच्या अनुसूचीतील आणखी एक आकडा सांगते. शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास 45 धरले आहेत, आणि त्यांत पूर्वतयारीचा वेळ समाविष्ट आहे. म्हणजे पाठाची तयारी हे काम आहे, हे कायद्याने शिक्षकाच्या बाबतीत मान्य केले. घरी शिकविणाऱ्या आईच्या तयारीचा वेळ मात्र कोणाच्याही हिशेबात येत नाही. तो तिच्या झोपेतून वजा होतो.

या वजाबाकीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकविण्यास आरंभ केला. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत त्या घराचे चित्र आहे. घर माणसांनी भरलेले, वडीलधाऱ्या स्त्रियांचा शिक्षणाला विरोध, दिवसभर घरातील कामे आणि अभ्यासाला उरे ती रात्र. त्या शिकल्या आणि पुढे सेवासदनाच्या रूपाने त्यांनी असंख्य स्त्रियांना शिकविले, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु त्या अभिमानापोटी हे विसरू नये की त्या गजबजलेल्या घरात शिक्षणाची किंमत एकाच व्यक्तीने, स्वतःच्या विश्रांतीतून, मोजली. दीडशे वर्षांनंतरही आपण तेच गृहीत धरणार असू, तर घरच्या शिक्षणाचे कौतुक करण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून ज्या घरांना मुलांना घरी शिकवायचे आहे, त्यांनी पुस्तके आणण्याच्या आधी एका कागदावर लिहून काढावे: कोण काय शिकविणार, नोंद कोण ठेवणार आणि त्या वेळात स्वयंपाकघर कोण सांभाळणार. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घराला देता येत नाही, त्याने तूर्त थांबावे असा माझा सल्ला आहे.

घरच्या शिक्षणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आपल्या घराबाहेरच्या, आपल्यापेक्षा निराळे मत असलेल्या समवयस्काशी भांडणे आणि पुन्हा जुळवून घेणे घरात शिकता येत नाही. आईवडिलांच्या प्रेमाव्यतिरिक्त एखाद्या परक्या, तटस्थ मोठ्या माणसाने आपले काम तपासावे, याचीही मुलाला गरज असते. ती गरज घराला बाहेर जाऊन भागवावी लागते. आपले शहर त्या बाबतीत भाग्यवान आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. शाळेतून बाहेर पडलेल्यांचे वाचन थांबू नये, म्हणून 1910 साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि आपल्या संग्रहातील ग्रंथ त्याला दिले. मांडवीजवळचे ते ग्रंथालय, कमाटीबागेतील संग्रहालय, गल्लीतील गणेशोत्सव मंडळ, संध्याकाळचे मैदान, ही सारी घरच्या शाळेची इतर दालने आहेत. त्यांचा वापर करावा.

मग शाळेचे काय? आपल्या शाळेत पूर्वी पहिलीच्या दोन तुकड्या भरत. आता एक भरते. अशा वेळी घरी शिकविणाऱ्या कुटुंबांकडे शाळेने प्रतिस्पर्धी म्हणून पाहावे, असे म्हणणारे आपल्यात आहेत आणि त्यांची काळजी मी समजू शकते. परंतु मला आदर्श दिसतो तो वेगळा. वढवाणला वकिली करणारे गिजुभाई बधेका स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता बालशिक्षणाकडे वळले आणि 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. गुजरातच्या भूमीवर बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या या मराठी बाईंनी 1945 साली बोर्डीला निराळाच विचार केला. मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना घरची कामे आहेत, धाकटी भावंडे सांभाळायची आहेत. मग शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे. त्यातून अंगणवाडीची कल्पना आली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली. गुरे चरत असत आणि तेथेच मुले शिकत. घराच्या कामाला दोष देत न बसता त्या कामाला वळसा घालून शाळा मुलापर्यंत पोचली.

आजची घरे अंगणाची नाहीत आणि गुरेही राहिली नाहीत. पाळ्या आहेत, बदल्या आहेत, एकाच घरात दोन नोकऱ्या आहेत. या घरांपर्यंत पोचण्याची आपली कुरणशाळा कोणती, हा मला प्रश्न आहे. त्यासाठी मी विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत आणि आज आपल्या सर्वांसमोर त्यांचा उच्चार करते. दर शनिवारी दुपारी शाळेचे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा घरी शिकणाऱ्या मुलांसाठी खुली असावी, मग ती मुले आपल्या पटावर असोत वा नसोत. बाहेरगावी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी रोजच्या वीस मिनिटांत बसेल असे मराठी वाचन-लेखनाचे साहित्य आपल्या शिक्षकांनी महिन्याला एकदा पाठवावे. आणि वर्षातून दोनदा, घरी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाचे काम आपल्या शिक्षकांनी आपुलकीने तपासून पालकांना प्रगतीचे टिपण द्यावे. यासाठी पैसा फार लागणार नाही, माणसे लागतील. निवृत्त झालेले आपले शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांच्यापैकी प्रत्येकाने महिन्यातून एक शनिवार दिला तरी हे काम चालेल. बाहेर जाताना कार्यालयाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव आणि आपला शनिवार लिहावा, अशी विनंती आहे.

यांतील काही मुले कदाचित आपल्या पटावर येतील, काही कधीच येणार नाहीत. परंतु ती मराठी वाचतील आणि आपल्या घरात कोणी तरी आपल्यासाठी रोज वेळ काढत होते, हे त्यांच्या लक्षात राहील. ही शाळा स्थापन झाली तेव्हा संस्थापकांचा हेतू मराठी मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे हाच होता, आणि शनिवारची ती दुपार त्याच हेतूला धरून आहे.